बांडुऱ्याला मुशीचं तेल

"बुबू, ह्ये लाकूड पानी मागतंय, पानी! तू बग तरी."

"लाकूड कवापास्नं मागाय लागलं? मागतो तो मानूस. ऊठ तिथनं, मना केर काढू दे."

"केर ऱ्हाऊं दे. हितं बग, हितं. नखानं दाखवतू. चीर हाय का नाय?"

"मना चीर दिसत नाय, मना तुझं नाक दिसतंय. तारंत घालशील नि कापून घेशील. साहेबानं काय सांगितलंन? हात लावू नको सांगितलंन ना?"

"हात कुठं लावतू? बगतू."

"बगनारा मानूस धा वावांवरनं बगतो. तू तर त्येच्या पोटात शिरलास!"

इद्रीस होडेकर खरोखरच पोटात शिरला होता. गुडघे टेकून, एक डोळा मिटून, दुसरा त्या वाद्याच्या मधल्या भोकाला लावून तो आत बघत होता. त्याची बुबू, म्हणजे मानलेली थोरली बहीण, मरियमबी दारात केरसुणी घेऊन उभी. वाद्याचं नाव बांडुरा. फणस उभा चिरावा, अर्धा भाग घ्यावा, गरे काढून पोकळ करावा, वरनं सपाट फळी बसवावी आणि त्या फळीवर पंख्यासारख्या तीस-बत्तीस तारा ताणाव्यात, तसं त्याचं रूप. मरियमबी त्याला 'माग' म्हणायची. "साहेब मागावर बसलंन," म्हणायची, "आता धोतरजोडी काढतो का लुंगी, बघू."

साल अडुसष्ट, महिना ऑगस्ट. अमिरात नावाचा देश अजून जन्मायचा होता. किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या गावाला ज्याचा त्याचा शेख, आणि सगळ्यांच्या डोक्यावर इंग्रज. रास अल खैमाच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला खजुरांच्या बागा आहेत. उन्हाळा पेटला की किनाऱ्यावरची अरब माणसं बायकापोरं, बकऱ्या, मडकी घेऊन तिथं राहायला जात, खजूर उतरेपर्यंत परतत नसत. त्यातलीच एक बाग ओस्ताप साहेबानं तीन आठवड्यांसाठी घेतली होती. झावळ्यांच्या सात झोपड्या, एक पाण्याचा पाट, आणि पोरं अठरा.

साहेब तिथल्या एका परदेशी कंपनीत इंजनांचा माणूस. मूळचा युक्रेनचा. लढाईत देश सुटला, मग कॅनडा, मग ही वाळू. बायको स्टेफानिया, तीही तिकडचीच. दोघांना गाण्याचं वेड. कंपनीच्या लोकांची पोरं विलायतेच्या शाळांतून उन्हाळ्याच्या सुट्टीला इकडं येत आणि घराघरात पंख्याखाली पडून एकमेकांच्या झिंज्या उपटत. त्यांतली तीन घरं युक्रेनची. मॅडमनं आधी त्या तीन घरांतली पोरं गोळा करून गाणी शिकवायला घेतली. मग बाकीच्यांनी आपलीही आणून टाकली, कारण पोरं कुणी तरी सांभाळतंय म्हटल्यावर आईबापाला गाणं कुठल्या देशाचं हे विचारायची गरज नसते. त्याला आता तिसरं वर्ष. सकाळी गाणं, दुपारी झोप, चारनंतर नाच आणि वाद्यं. शेवटच्या दिवशी आईबाप येणार आणि पोरं नक्षीचे सदरे घालून, घामाच्या धारांत, त्यांना सगळं करून दाखवणार.

हे चालवत होते साहेब-मॅडम, असं कंपनीत सगळे म्हणत. खरं बघाल तर ते चालत होतं मरियमबीच्या चुलीवर आणि इद्रीसच्या लाकूड तासायच्या वाकसावर.

मरियमबी बाणकोटकडची. वय पन्नाशीचं, गुडघे सत्तरीचे. नवरा मेल्यावर मुंबईच्या एका घराबरोबर स्वयंपाकीण म्हणून दुबईला आली, ते घर परत गेलं, ही राहिली. गावी का जात नाहीस म्हटलं तर म्हणायची, "घर भावाच्या नावावर हाय, आन् भाऊ भावजयीच्या नावावर." मॅडमनं तिला आपल्याकडची उकडलेली करंजी शिकवली होती, आत बटाटा भरलेली. मरियमबीनं चार दिवसांत ती मॅडमपेक्षा बरी करून दाखवली आणि त्यात गुपचूप हिरवी मिरची घालायला लागली. पोरं मिटक्या मारीत. मॅडमला वाटे, डब्यातला बटाटा तिखट निघाला.

इद्रीस जयगडच्या खाडीतला. बाप होड्या बांधायचा, आजा होड्या बांधायचा, आडनावातच होडी. बारा वर्षांचा असताना बापानं हातात वाकस दिला आणि पहिल्याच दिवशी त्यानं डाव्या पायाची करंगळी अर्धी उडवली. बाप म्हणाला, "बरी झाली. आता नऊ ऱ्हायल्यात त्यांची काळजी घेशील." पुढं इद्रीस लाकडावर हात फिरवून ते कुठल्या अंगानं उगवलं होतं ते सांगायचा. तिशी ओलांडल्यावर एका पडावातून दुबईच्या खाडीत उतरला आणि तिथल्या गोदीत पडाव बांधू लागला. मिस्त्री म्हणून नाव झालं. पडावाच्या बुडाला चीर गेली तर मालक दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी इद्रीसला बोलावत.

साहेबानं त्याला दोन वर्षांपूर्वी असाच गोदीत गाठला. पोरांना नाचायला फळ्यांचा ओटा हवा होता. वाळूत पाय आपटला तर आवाज येत नाही, आणि त्यांच्या नाचात निम्मं काम पायाच्या आवाजाचं. इद्रीसनं ओटा केला तो पडावाच्या डेकसारखा, फळीला फळी अशी बसवली की सुई जाऊ नये. साहेबानं त्यावर उडी मारून बघितली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "इद्रीस, तुम लकडी का डॉक्टर." इद्रीसला ते शब्द अत्तरासारखे लागले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बागेत ओटा नव्यानं जोडायचं काम त्याचंच. यंदा साहेब बोलला होता, सप्टेंबरात कंपनीच्या वर्कशॉपला तुझं नाव घालतो. कायमचं काम.

आणि आता डॉक्टरासमोर पेशंट पडलेला, आणि हात लावायचा नाही.

तो बांडुरा साहेबाच्या बापाचा. बापानं एका वाळुंजाच्या खोडातून कोरून काढलेला, वरची फळी सोडली तर सांधा कुठं नाही. साहेब अठराव्या वर्षी घर सोडून निघाला तेव्हा गोधडीत गुंडाळून तेवढाच बरोबर घेतला. बापाचा फोटो नाही, पत्र नाही, हे एवढंच. यंदा डोंगराकडनं असा कोरडा वारा सुटला की पोरांचे ओठ फाटले आणि बांडुऱ्याच्या तोंडावरच्या फळीला केसाएवढी चीर गेली. साहेब म्हणाला, सप्टेंबरात कॅनडाला कारागिराकडे पाठवतो, तोवर कुणी हात लावायचा नाही. आणि हमीद ड्रायव्हरला घेऊन तो दोन दिवसांसाठी दुबईला गेला, पीठ, डबे आणि पोरांची पत्रं आणायला.

सप्टेंबर! इद्रीसला हसू आलं. आग लागलीय आणि हे म्हणतात, पाऊस पडल्यावर विझवू. चीर कधी थांबत नसते. आज केसाएवढी, उद्या काडीएवढी, आठवड्यात बोट जाईल. त्याचं औषध त्याला ठाऊक होतं. कुवेतपासून कालिकतपर्यंत जेवढी म्हणून गलबतं पाण्यावर आहेत, ती सगळी त्याच औषधावर जिवंत आहेत. मुशीचं तेल. मुशी माशाची, म्हणजे शार्कची, काळजं उकळून काढलेलं, काळपट, दाट. लाकूड ते पितं, फुगतं, मऊ पडतं, चीर मिटते. त्याचा बाप म्हणायचा, "लाकडाला तेल नि पोराला मार, दोनी येळेवर पायजेत."

मरियमबी बोलली तेव्हा तो उठला खरा. पण दुपारी ती पाटावर भांडी घासायला गेली, मॅडम आणि पोरं झावळ्यांखाली आडवी झाली, तेव्हा इद्रीस स्वयंपाकाच्या झोपडीत शिरला. फळीवर मरियमबीची बाटली होती. गुडघ्याला चोळायला रास अल खैमाच्या कोळ्यांकडून आणलेलं तेच तेल. विचारलं असतं तर तिनं दिलं असतं, वर चार शब्द ऐकवले असते. ते चार शब्द टाळायला त्यानं विचारलं नाही. कापसाचा बोळा केला, बिस्मिल्ला म्हणाला आणि बांडुऱ्याच्या तोंडाला तेल लावलं. लाकडानं ते बघता बघता ओढून घेतलं. तान्हेलं होतंच ते. त्यानं दुसरा हात मारला. मग मधल्या भोकातून बोटं घालून आतूनही. अर्धी बाटली संपली. फळीचा रंग गुळासारखा झाला आणि चीर मिटली. खरंच मिटली. त्यानं अंगठा फिरवून बघितला, लागेचना. बाटली जागेवर ठेवून तो आपल्या कामाला गेला तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं की साहेब बघेल, विचारेल हे कुणी केलं, आणि आपण थोडं थांबून सांगायचं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. हातपाय धुतले, पोरं भोवती बसली, त्यानं बांडुरा मांडीवर घेतला आणि तारांवरून बोटं फिरवली.

इद्रीस ओट्याशी फळी ठोकत होता. त्यानं आवाज ऐकला आणि हातोडी वरच्या वर राहिली.

तो आवाज मेला होता. आधी तो असा होता की एकेक थेंब तांब्याच्या पातेल्यात पडावा. आता तेच थेंब ओल्या पोत्यावर पडत होते. साहेबानं पुन्हा वाजवलं, खुंट्या पिळल्या, पुन्हा वाजवलं. मग नाक खाली नेलं आणि हुंगलं. एक पोर नाक धरून इंग्रजीत काही म्हणालं, बाकीची हसली आणि साहेबाचं तोंड बघून गप्प झाली.

इद्रीसला त्याच घटकेला समजलं. पडावाचं लाकूड पाण्यावर तरायचं असतं, त्याला फुगलेलं, जड, मऊ हवं. हे लाकूड बोलायचं होतं. त्याला कोरडं राहायला हवं होतं, खणखणीत. तीस वर्षं लाकडात काढून ही एवढी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती, कारण त्यानं आजवर लाकडाला कधी काही बोलू दिलं नव्हतं. पोहता येतं का, एवढंच विचारलं होतं.

मॅडमनं सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे तिघे. हमीद तर दुबईला होता, तो सुटला. राहिली दोघं.

"मरियमबी, झाडू इधर कौन मारता? तुम. तेल किसका? तुम्हारा," मॅडम म्हणाली. बाटली तिच्या हातात होती, अर्धी. "गिर गया, तो बोलो गिर गया."

"मॅडम, बाटली परवा गळ्यापत्तुर भरलेली हुती. मय नहीं गिराया. खुदा की कसम."

"तो कौन?"

साहेबानं इद्रीसकडे बघितलं. रागानं नाही. लाकडातलं विचारायचं तर याला, एवढ्याच नजरेनं. "इद्रीस, तुम को कुछ मालूम?"

गोष्ट सांगायची झाली तर वाक्य तीन शब्दांचं होतं. मैंने किया, साहेब. जिभेवर आलं होतं. पण त्याच्या मागनं दुसरं काही तरी चढून आलं. नोकरीची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी होती ती दुसरी गोष्ट. गोदीत उद्या बोलतील, इद्रीस मिस्त्रीनं चांगलं लाकूड मारलं. चोर म्हणवून घेणं जमलं असतं त्याला. अडाणी सुतार म्हणवून घेणं जमेना.

"नहीं साहेब," तो म्हणाला.

मरियमबीनं मान फिरवून त्याच्याकडे बघितलं. त्यानं धोपटीतले खिळे मोजायला घेतले.

मॅडमचा निकाल तिथल्या तिथं झाला. सांडलं तर सांडलं, त्याचं काही नाही. पण तोंडावर खोटं बोलणारी बाई पोरांच्यात नको. गुरुवारी हमीदची गाडी दुबईला जाईल, तिच्यातून मरियमबी जाईल, आणि पुढच्या आगबोटीनं मुंबई. हे सगळं मॅडम अठरा पोरांसमोर बोलली. पोरांना हिंदी येत नव्हती, पण कुणाला हाकलतायत हे कळायला भाषा लागत नाही.

त्या दिवशी इद्रीसला जेवण गेलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. जेवण गेलं. दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण, मरियमबीनंच वाढलेलं. तेच तर टोचत होतं. घास खाली उतरत होता आणि तो स्वतःलाच म्हणत होता, बघ, गिळतंय की रे तुझं थोबाड.

बुधवारी सकाळी त्यानं एक युक्ती काढली. वाईट माणसाला युक्त्या सुचतात, त्यापेक्षा भेकड माणसाला जास्त सुचतात. तो साहेबाकडे गेला. साहेब बांडुऱ्याच्या पोटात चुन्याची भुकटी टाकून तेल ओढून निघतंय का बघत होता. हे इद्रीसनं त्याला सांगायला हवं होतं, उलट साहेबच करत होता.

"साहेब, बाई म्हातारी हाय. कोई नहीं उसका. माफ कर दो."

साहेबानं हातावरची भुकटी झटकली. मग म्हणाला, "तुम अच्छा आदमी, इद्रीस." हे ऐकून इद्रीसला कुणी तरी कानाखाली मारावी असं वाटलं. "मॅडम को मैं बोलूंगा. मगर वो सच बोले. बस. बोले कि हां, मुझसे गिरा. खलास."

आणि इद्रीस हा निरोप घेऊन मरियमबीकडे गेला. पायांनी चालत गेला. वाटेत वीस खजुरी लागल्या, एकाही ठिकाणी पाय अडला नाही.

ती चुलीपुढं बसून कणीक मळत होती. चारच्या खाण्याच्या करंज्यांची. बाजूला तिची ट्रंक, दोरीनं बांधून ठेवलेली.

"बुबू, साहेब नरम झालाय."

"व्हय? उकडलंन वाटतं कुणी."

"मस्करी नको. मी बोल्लू त्येच्याशी. तू राहू शकतंस. फकत एवढं बोल, सांडली माज्याकडनं. चुकून सांडली. खलास. कोन तुना फाशी देतंय?"

तिचे हात कणकेत थांबले.

"काय बोल्लास?"

"आगं, बोलाय काय जातंय? एक शबूद. नोकरी ऱ्हाते, सगळं ऱ्हातं. मॅडम रागाची हाय, पन मनानं—"

"इद्रीस, इकडं बघ."

तो चुलीकडे बघत राहिला.

"मना सांग, माज्याकडनं सांडली काय?"

"मी कुठं बोलतू सांडली? मी बोलतू, बोल सांडली."

"मंजे तुना ठावं हाय, माज्याकडनं सांडली नाय."

गाढवाला दोरी लावून विहिरीपर्यंत आणावं आणि आत बघायला लावावं, तसं तिनं त्याला आणलं होतं. आत त्याचंच तोंड. तिनं कणकेचा गोळा उचलला, परातीत आपटला आणि मळायला लागली, असा की परात जमिनीवरून उडत होती.

"जा," ती म्हणाली. "मना करंज्या करायच्यात. पोरांनी काय केलंन नाय."

तो उठला तेव्हा ती पुढं बोलली, त्याच्याकडे न बघता. "तेल हातावर चोळलं मंजे चार दिस नखातनं जात नाय, मिस्त्री. मना माज्या गुडघ्यामुळं ठावं हाय. मंगळवारी तू जेवाय बसलास, तवाच मना वास आला. मी वाट बघत हुती, तू कवा तोंड उघडतंस. उघडलंस तं असं उघडलंस."

गुरुवारी सकाळी हमीदनं गाडी बागेच्या दारात आणली. ट्रंक मागं चढली. पोरं पाटावर तोंडं धूत होती, त्यांतल्या दोघी मुली रडत होत्या, कारण बरोबर होतं, करंज्या चालल्या होत्या. साहेब झोपडीच्या सावलीत बांडुरा घेऊन बसला होता. मॅडम मरियमबीच्या हातात पासपोर्ट देत होती.

"यल्ला, यल्ला," हमीद म्हणाला, "ऊन चढेल."

इद्रीस ओट्यावरून उतरला. हातात वाकस होता, तो त्यानं खाली ठेवला, मग का कोण जाणे पुन्हा उचलला, आणि तसाच साहेबापुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, तेल मैंने लगाया."

साहेबानं वर बघितलं.

"गिरा नहीं. लगाया. हात से. दो बार. अंदर से भी." एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना, जणू बिल देत होता. "क्रॅक बंद करने को. हम लोग बोट को लगाते. मैं सोचा अच्छा होगा. तुमने पूछा तब झूट बोला. बाई का बाटली था, बाई को मालूम नहीं था. कल मैंने ही बाई को बोला कि तू कबूल कर."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण तेच सांगायचं राहिलं असतं तर बाकीचं सांगून उपयोग नव्हता, एवढं त्याला कळत होतं.

मॅडमनं आपल्या भाषेत काही तरी भराभर विचारलं. साहेबानं दोन शब्दांत सांगितलं. तिचा चेहरा आधी इद्रीसवर लाल झाला, मग मरियमबीकडे वळून पांढरा पडला. ती काही बोलायच्या आत साहेब बोलला, सावकाश, शब्द शोधत.

"तुमने अच्छा सोच के किया," तो म्हणाला. "बहुत बुरा किया."

पोरं पाटावरून बघत होती.

"मेरा बाप भी ऐसा," साहेब म्हणाला. "सब ठीक करने का शौक." पण हे म्हणताना तो हसला नाही, आणि इद्रीसला त्यातनं सुटल्यासारखं वाटलं नाही. साहेबानं बांडुरा गोधडीत गुंडाळला. "गाने वाली झोपडी में तुम नहीं आना, इद्रीस. ओटा पूरा करो. वर्कशॉप का बाद में देखेंगे." त्या 'बाद में'चा अर्थ इद्रीसला बरोबर कळला. गोदीतले मालक पैसे द्यायचे नसले की हेच म्हणत.

मॅडम मरियमबीपुढं उभी होती. हात जोडावेत की मिठी मारावी हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही अर्धं अर्धं केलं. "सॉरी, मरियमबी. सॉरी. तुम मत जाओ. प्लीज."

मरियमबीनं तिचं बोलणं पुरतं होऊ दिलं. हमीदकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं. गावचं घर भावाचं, भाऊ भावजयीचा, हे तिला आगबोटीच्या तिकिटाशिवायही दिसत होतं. मानी बाई होती, पण मान कशाशी खाल्ला जातो तेही तिला ठाऊक होतं.

"पोरांच्या म्होरं बोल्लात ना, मॅडम?" ती म्हणाली. "बच्चा लोग के सामने बोला था. अभी बच्चा लोग के सामने बोलो."

मॅडमनं पोरांना बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं ते इद्रीसला शब्दानं कळलं नाही. अठरा तोंडं एकदम त्याच्याकडे वळली, तेवढ्यावरनं कळलं.

"उतार रे ट्रंक, हमीद," मरियमबी म्हणाली. "आन् हळू, आत बरणी हाय."

हमीद पुटपुटला, "हबीबी, सकाळी चढव, सकाळी उतरव, मी काय हमाल हाय?" पण उतरवली. ट्रंकेचं दुसरं टोक धरायला इद्रीस पुढं झाला.

"ऱ्हाऊं दे, मिस्त्री," ती म्हणाली.

दोन वर्षं ती त्याला इद्रीस म्हणत होती, भावा म्हणत होती, रागावली की करंगळीतुट्या म्हणत होती. मिस्त्री ती परक्याला म्हणायची.

"बुबू, मी सांगितलं ना आता. सगळं सांगितलं."

"सांगितलंस. बरं केलंस." तिनं ट्रंकेची दोरी सोडायला घेतली, तिथंच, सगळ्यांसमोर. "तेलाचं मना काय नाय. मागितलं असतंस तं मीच दिलं असतं, आन् तुज्यासंगं मीबी गाढव ठरली असती. 'नहीं साहेब' बोल्लास, त्येबी समजून घेतलं असतं कोनीबी. भ्याला मानूस बोलतो. पन काल माज्या चुलीवर येऊन तू मना बोल्लास, तू खोटी हो. माजं भलं करतू असं तोंड करून बोल्लास. त्येचं मी काय करू, तूच सांग. कुठं ठेवू?"

उत्तराची तिनं वाट बघितली नाही. दोरी सुटली, तिनं ती गुंडाळून कमरेला खोचली आणि चुलीकडे गेली. आतून तिचा आवाज आला, पोरांना उद्देशून, हिंदीत, की ज्यानं काल डब्यातली साखर खाल्ली त्यानं आज आपणहून सांगावं, कारण या बागेत आता सांगायची साथ आलीय. दोन पोरं हसली. त्यांना काही कळलं नव्हतं.

इद्रीस तिथंच उभा होता. वाकस अजून हातात. ऊन झावळ्यांवरनं उतरून त्याच्या पायावर आलं होतं. त्याला वाटलं होतं, एकदा बोललं की छातीवरचा दगड उतरेल. दगड उतरला नाही, जागा तेवढी बदलली. काल तो दगड कुणाला दिसत नव्हता.

गाण्याच्या झोपडीतून साहेबाचा आवाज आला. बांडुऱ्याशिवाय, नुसता गळ्यानं तो पोरांना सूर देत होता, आणि पोरं तो चुकवत होती.

"मिस्त्री," मॅडम दारातून म्हणाली. तिनंही तेच नाव उचललं होतं. "चार बजे प्रॅक्टिस. लेफ्ट साइड का फळी हिलता है. कोई बच्चा गिरेगा."

"जी," तो म्हणाला.

डाव्या अंगाची फळी खरंच हलत होती. खालचा आडवा वासा वाळूत खचला होता. त्यानं फळी उचकटली, पोटावर सरकत ओट्याखाली गेला, दोन्ही हातांनी वाळू उपसली आणि वाशाखाली दगड बसवायला लागला. पहिला दगड उंच झाला. तो काढून त्यानं दुसरा घेतला, वाकसाच्या दांड्यानं ठोकून बघितला, आणि मग त्याला हवा होता तसा चपटा दगड शोधायला पुन्हा बाहेर आला.